वीतभर लांबीची प्लिमथ

एका खोक्यातले सुटे भाग, मुंबईच्या टॅक्सीची जुनी आठवण आणि आनेकलच्या घरातले एक टेबल. छंद म्हणून हाती घेतलेल्या एका छोट्या मोटारीने आमच्या घरातल्या दोन माणसांना कसे बोलते केले, त्याची ही हकिगत.

गेल्या वर्षी माझे धाकटे दीर अमेरिकेतल्या मिशिगनहून सुट्टीवर आले, तेव्हा त्यांनी पुतण्यासाठी एक खोका आणला. खोक्यावर गोल नाकाच्या, चकचकीत जुन्या मोटारीचे चित्र होते. खाली लिहिले होते : १९४१ सालची प्लिमथ कूप, प्रमाण १:२५. बारा वर्षांच्या आमच्या चिरंजीवांनी मोठ्या उत्साहाने झाकण उघडले आणि त्यांचा चेहराच पडला. आत गाडी नव्हतीच! प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले शंभराच्या आसपास बारीक भाग, चार टायर आणि घडी घातलेले एक माहितीपत्रक. बस्स.

"हे तर सगळं आपल्यालाच करायचं आहे," असे म्हणून चिरंजीवांनी झाकण लावले. खोका कपाटावर गेला आणि आठ महिने तिथेच धूळ खात राहिला.

त्याच कपाटाशेजारच्या खुर्चीत माझे सासरे, अण्णा, बसलेले असत. सासूबाई गेल्यावर दोन वर्षांपूर्वी आम्ही त्यांना मुंबईहून इथे आणले. माझे पती जिगणीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत. कारखाना जवळ आणि बंगळूरची गर्दी जरा लांब, म्हणून आम्ही आनेकलला घर घेतले. आमची सोय झाली, पण अण्णांचे काय? लालबागच्या चाळीत आयुष्य गेलेले, चाळीस वर्षे फिटर म्हणून काम केलेले. इथे शेजारी भले, पण बोली कानडी. नातू शाळेतून येतो तोच इंग्रजी आणि कानडी बोलत. त्यातच हातांना थोडा कंप सुरू झालेला. दिवसभरात अण्णा मोजून दहा वाक्ये बोलत असतील, आणि त्यांतली पाच "नको" अशी!

जून महिन्यात कपाट आवरताना मी तो खोका खाली काढला. कुणाला तरी देऊन टाकावा असा विचार होता. अण्णांनी सहज माहितीपत्रक उचलले, चष्मा सावरला आणि बराच वेळ ते एकाच चित्राकडे बघत राहिले.

"सूनबाई, हे स्टेअरिंग डाव्या हाताला आहे."

"अमेरिकेतली गाडी आहे ना अण्णा, तिकडे तसंच असतं."

"ते असेल. पण आमची उजव्या हाताची होती."

"आमची?" मी विचारले. आतल्या खोलीतून माझे पतीही बाहेर आले. आपले आजोबा मुंबईत टॅक्सी चालवत एवढेच त्यांना ठाऊक होते. ती गाडी प्लिमथ होती, हे त्यांनीही त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकले.

खेळणे नव्हे, मापातली नक्कल

दिवाळीत अंगणात किल्ला केला नाही असा मराठी माणूस विरळाच. त्या किल्ल्यावर एक गंमत हमखास असते. बुरूज गुडघ्याएवढा, त्यावरचा मावळा त्याच्या निम्मा आणि दारातला वाघ हत्तीपेक्षा मोठा! किल्ल्यात ते शोभते. मॉडेल कीटमध्ये मात्र हे चालत नाही. तिथे सगळे एकाच प्रमाणात लहान करायचे. १:२५ म्हणजे खऱ्या गाडीचे २५ सेंटिमीटर इथे एक सेंटिमीटर. त्या काळची अमेरिकन मोटार साधारण ५ मीटर लांब असे. ती या हिशेबाने २० सेंटिमीटरची होते. म्हणजे जेमतेम वीतभर.

हे प्रमाण डोक्यात बसले की छंदातली खरी मजा कळते. इंजिनातल्या प्लगची वायर खऱ्या गाडीत सुमारे ७ मिलिमीटर जाड असते. इथे ती पाव मिलिमीटरपेक्षा जेमतेम जाड हवी. रंगाचा थर चुकून ०.२ मिलिमीटरचा बसला, तर तो खऱ्या गाडीवर ५ मिलिमीटर जाड रंग लावल्यासारखा दिसेल. दारांच्या फटी बुजतील, कोपरे बोथट होतील. म्हणून या छंदातले जाणकार खोक्यातले भाग नुसते जोडून थांबत नाहीत. वायरी, पट्ट्या, मुठी, गालिचा, धुराड्यावरचा गंज असे बारकावे ते स्वतः घालतात. जोडणी दोन-चार संध्याकाळांत होते, बारकाव्यांना मात्र महिने लागतात.

महाराष्ट्राला हे वेड नवे नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभे केलेले छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले. तिथे रूळ, सिग्नल, पूल, दिवे असे सगळे मापात लहान केलेले पाहायला मिळते. एका माणसाचा छंद पुढे हजारो मुलांच्या सहलीचे ठिकाण झाला.

शोरूममधून घराघरांत

मोटारींच्या या कीटचा जन्म मात्र अमेरिकेतला, आणि तोही विक्रीच्या गरजेतून झालेला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे दरवर्षी गाड्यांची नवी रूपे बाजारात येऊ लागली. शोरूमच्या टेबलावर ठेवायला आणि गिऱ्हाइकाच्या मुलाच्या हातात द्यायला कंपन्यांना हुबेहूब छोट्या गाड्या हव्या होत्या. ते काम मिशिगन राज्यातल्या काही लहान कारखान्यांनी घेतले. त्यांतला एक ए.एम.टी., १९४८ साली सुरू झालेला. त्याच्या नावातला 'ए' अ‍ॅल्युमिनियमचा, कारण पहिल्या गाड्या त्या धातूच्या होत्या. लवकरच प्लॅस्टिक आले. मग कुणाच्या तरी लक्षात आले, की तयार गाडीऐवजी सुटे भागच विकले तर मुले ते आनंदाने जोडतील. १९५८ साली ए.एम.टी.ने असे कीट काढले, ज्यातून एकच गाडी तीन तऱ्हांनी बनवता येई : कारखान्यातून आली तशी, शर्यतीची, किंवा मनाजोगती सजवलेली. कॅलिफोर्नियातली रेव्हेल आणि शिकागोची मोनोग्रॅम या कंपन्याही याच व्यवसायात मोठ्या झाल्या. १९५० आणि ६०च्या दशकांत हा अमेरिकन मुलांचा आवडता उद्योग होता. तेव्हाचे काही साचे अजून वापरात आहेत आणि जुनी कीट पुन्हा छापून येतात. ए.एम.टी. हे नाव आता राउंड टू या कंपनीकडे आहे.

त्याआधीचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी या विभागाने १९३० ते १९६८ या काळात मुलांसाठी नमुने बनवण्याची देशव्यापी स्पर्धा चालवली. सुरुवातीला राजेशाही घोडागाडीचा नमुना करायचा असे, पुढे स्वतः कल्पिलेल्या मोटारीचा. बक्षीस म्हणून कॉलेजच्या शिक्षणाची रक्कम मिळे. या स्पर्धेतून आलेली कित्येक मुले पुढे मोटारींची रूपे आखणारी झाली. एक गोष्ट मात्र खटकते. स्पर्धा फक्त मुलग्यांसाठी होती. मुलींच्या हाती चाकू-कानस द्यावी असे तेव्हा कुणाला वाटले नाही. आमच्या टेबलावर बाटलीतला रंग ढवळताना मला हे हटकून आठवे.

कुर्ल्याची गाडी

आता तुम्ही विचाराल, अमेरिकेतल्या गाड्यांचे आपल्याला काय? पण एक काळ असा होता, की मुंबईच्या रस्त्यावर अमेरिकन गाडी ही घरचीच वस्तू होती. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली. फोर्डनेही त्याच सुमारास इथे बस्तान बसवले. पुढे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि क्रायस्लर या अमेरिकन कंपनीच्या सहकार्याने कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. १९४७ पासून तिथून डॉज, डिसोटो आणि प्लिमथ गाड्या बाहेर पडू लागल्या.

या वालचंदांचे आमच्या बंगळूरशीही नाते आहे. इथला विमानांचा कारखाना त्यांनीच डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीने सुरू केला. दोन वर्षांत युद्धामुळे सरकारने त्याची सूत्रे हाती घेतली, आणि आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स ही त्याचीच वारस. हे मी सांगितले तेव्हा अण्णा म्हणाले, "म्हणजे माझ्या बापाच्या गाडीचा आणि तुमच्या गावातल्या विमानांचा मालक एकच म्हणायचा!" परक्या वाटणाऱ्या या मुलखाशी जोडणारा एक धागा त्यांना त्या दिवशी सापडला असावा.

१९५३ साली सरकारने धोरण बदलले. नुसते परदेशी भाग आणून जुळणी करणाऱ्यांना इथे जागा राहिली नाही. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. कुर्ल्याला हळूहळू फियाट मोठी झाली, तिचीच पुढे पद्मिनी झाली. पेट्रोल कमी पिणाऱ्या या लहान गाडीपुढे मोठ्या अमेरिकन टॅक्सी मागे पडल्या. पद्मिनीची पाळीही आलीच. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली.

अण्णांच्या वडिलांनी प्लिमथ चालवली ती या दोन पर्वांच्या मधल्या वर्षांत. गाडी मालकाची, पाळी यांची. आठ-नऊ वर्षांचे अण्णा रविवारी सकाळी बादली आणि फडके घेऊन गाडी पुसायला जात. "पुढं बाकडं होतं, सलग. गिअरचा दांडा स्टेअरिंगलाच. म्हणून पुढं तिघं बसायचे," ते सांगत होते आणि आमचे चिरंजीव प्रथमच मोबाइल बाजूला ठेवून ऐकत होते.

टेबलावरचा कारखाना

कामाला सुरुवात झाली ती साध्या साबणाच्या पाण्याने. साच्यातून भाग सुटावेत म्हणून लावलेले तेलकट द्रव्य त्यांवर राहते. ते धुतले नाही तर रंग धरत नाही. मग एकेक भाग नेलकटरने चौकटीपासून अलगद तोडायचा, कटरने त्याची टोके साफ करायची. साच्याचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथे अंगावर केसासारखी रेघ उमटते. ती पॉलिशपेपरने घासून घालवायची. अण्णांच्या पेटीतली जुनी बारीक कानस बऱ्याच वर्षांनी बाहेर आली. "फिटरचं निम्मं आयुष्य घासण्यात जातं," ते नातवाला म्हणाले. "घाई केलीस तर ते वरून दिसतं."

या कीटचा गोंद हा खरे तर गोंद नव्हेच. तो प्लॅस्टिकच किंचित विरघळवतो आणि दोन भाग एकजीव होतात. म्हणूनच तो ब्रशच्या टोकाने, थेंबभरच लावायचा. चकचकीत मुलामा दिलेल्या भागांवर तो धरत नाही. तिथे जोडाच्या जागेवरचा मुलामा आधी खरवडावा लागतो. आणि पारदर्शक काचांच्या जवळ तर तो नेऊच नये. काचा पांढऱ्या फेव्हिकॉलने बसवायच्या, तो वाळल्यावर दिसत नाही. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा, त्याची गोष्ट पुढे आहे.

पहिला मोठा प्रश्न स्टेअरिंगचा. डॅशबोर्ड हा एकच अखंड भाग होता. डावीकडे वेग आणि तेल दाखवणारी घड्याळे, उजवीकडे सामानाचा खण. अण्णांचा हट्ट एकच : "उजव्या हाताची गाडी होणार नसेल तर करू नका." मग कटरच्या पात्याने पुन्हा पुन्हा एकाच रेघेवर चर पाडून डॅशबोर्डचे तीन तुकडे केले, दोन टोकांची अदलाबदल केली, फटी पुट्टीने भरल्या आणि घासल्या. स्टेअरिंगची दांडी आणि पायातली पेडलेही पलीकडे गेली. या एका बदलाला तीन रविवार लागले. अण्णा सुताच्या हिशेबात बोलायचे, चिरंजीव मिलिमीटरच्या. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे माप आमच्या मुलाला शाळेत कुणी शिकवले नव्हते.

इंजिन सहा सिलिंडरचे, एका ओळीत. माथ्यावर सहा प्लग. चिरंजीवांनी बंद पडलेल्या इअरफोनची वायर सोलली आणि तिच्यातल्या बारीक वायरी प्लगना जोडल्या. अण्णांनी मोजल्या. "सहाच? आणि कॉइलची कुठं आहे?" सातवी वायर लागली तेव्हाच त्यांनी मान डोलावली.

पॉलिशपेपर, पुट्टी आणि लहानसहान हत्यारे आम्ही बंगळूरच्या एस. पी. रोडवरून आणली, रंग जे. सी. रोडवरून. मोटारीचा रंग थेट प्लॅस्टिकवर मारला तर त्यातला थिनर प्लॅस्टिकला खातो, म्हणून आधी प्रायमरचे पातळ हात द्यावे लागतात. करड्या प्रायमरचा आणखी एक उपयोग होतो. डोळ्याला न दिसणारा प्रत्येक ओरखडा तो उघडा पाडतो.

रंगात मी स्वतः एक चूक केली. बाहेर पावसाची झड लागलेली असताना गच्चीच्या जिन्यात गाडीवर काळ्या रंगाचा फवारा मारला. वाळता वाळता काळ्यावर दुधी सायीसारखा थर आला! हवेतला ओलावा ओल्या रंगावर बसला की असे होते. सगळे घासून पुन्हा पहिल्यापासून. आनेकलला पाऊस ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो, त्यामुळे नंतर कोरड्या दुपारची वाट बघणे हाही कामाचाच भाग झाला.

धुरकटलेली काच

सप्टेंबरात ती दुपार आली. समोरची काच बसवायची होती. नातू शाळेत होता, मी लिहीत बसले होते. आपणच ती बसवून त्याला चकित करावे, असे अण्णांच्या मनात आले. फेव्हिकॉलची बाटली त्यांना दिसली नाही, म्हणून त्यांनी दुसरी बाटली घेतली. हात कापला आणि थेंब काचेच्या मधोमध पडला. पुसायला गेले तर बोटाचा ठसा उमटला. पारदर्शक काच धुरकट झाली.

संध्याकाळी चिरंजीवांनी ते पाहिले. ते ओरडले असते तरी परवडले असते. तो काही न बोलता आत निघून गेला. अण्णांनी हत्यारे पेटीत भरली, पेटी पलंगाखाली सरकवली. "माझ्याकडून आता होत नाही, सूनबाई. तुम्ही पोरं करा," एवढेच म्हणाले. चार दिवस ते टेबलापाशी आले नाहीत. पुन्हा तीच खुर्ची, तेच "नको". मला वाटले, झाले. एका थेंबाने तीन महिन्यांची मेहनत गेली. गाडी गेल्याचे मला काही वाटले नव्हते. पण घरात पुन्हा ती शांतता नको होती.

मी मुलाला समजावायला गेले. पण त्याने आधीच शोधून ठेवले होते. धुरकटलेले प्लॅस्टिक घासून पुन्हा स्वच्छ करता येते. आधी बारीक, मग त्याहून बारीक पॉलिशपेपर पाण्यात बुडवून फिरवायचा, शेवटी मऊ फडक्यावर टूथपेस्ट घेऊन घासायचे. पाचव्या दिवशी तो काच आणि वाटीत पाणी घेऊन आजोबांच्या खुर्चीपाशी बसला.

"आजोबा, किती घासायचं ते मला कळत नाही. तुम्ही बघून सांगा. हात मी चालवतो."

अण्णा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, "दाबू नकोस. गोल फिरव. पाणी घे." दीड तास तेवढेच शब्द चालू होते. काच अगदी पहिल्यासारखी झाली नाही, खाली कोपऱ्यात बारीकशी सावली राहिली आहे. पण त्या दिवसापासून कामाची वाटणी ठरून गेली. डोळे आजोबांचे, हात नातवाचे. पुढे वाटीतले पाणी बदलायला मी गेले की दोघेही "राहू दे" म्हणायचे!

काळी-पिवळी

राहिला साज. त्या काळच्या गाड्यांना खिडक्यांभोवती, दारांवर चकाकत्या पट्ट्या असत. त्यासाठी जाणकार केसापेक्षा पातळ, चिकट धातूचा कागद वापरतात. आम्हाला तो मिळाला नाही. चॉकलेटच्या वेष्टनातली चांदी गुळगुळीत करून, मागे गोंद लावून आम्ही ती चिकटवली आणि नव्या पात्याने कडा कापल्या. पुढच्या जाळीच्या खाचांत पातळ केलेला काळा रंग सोडला आणि वरचा पुसून घेतला. तेवढ्याने जाळीला खोली आली.

अंग काळे, टप पिवळा. पिवळ्याची छटा तीनदा बदलली, कारण अण्णांना ती "लिंबासारखी नको, पिकल्या केळ्यासारखी" हवी होती. डाव्या अंगाला बाहेर मीटर हवा होता. तो कुठल्याच खोक्यात मिळणे शक्य नव्हते. चौकटीच्या उरलेल्या काड्यांतून अण्णांच्या सांगण्यावरून तो नातवाने घडवला, खाली पाडायच्या छोट्या झेंड्यासकट.

एक गोष्ट मात्र आम्हाला जमली नाही. कीट कूपचे, म्हणजे दोन दारांचे. टॅक्सी चार दारांची. तिचे दार कापून नवे करणे आमच्या आवाक्याबाहेरचे होते. "अण्णा, हे चुकीचंच राहणार," मी म्हटले. ते म्हणाले, "राहू दे. आत बसणारा उजवीकडं बसलाय ना? मग झालं."

तुम्हालाही करून पाहायचे असेल तर

पहिली गाडी महागडी किंवा गुंतागुंतीची घेऊ नका. खोक्यावर पायरी लिहिलेली असते, सोप्यापासून सुरुवात करा. परदेशी कीट आपल्याकडे स्वस्त नाहीत. खेळण्यांवरचे आयातशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ साली ७० टक्के करण्यात आले, आणि मॉडेल कीटही त्याच गटात मोडतात. परदेशातून कुणी येणार असेल तर खोका मागवा, पण रंगाचे फवारे मागवू नका, ते विमानात नेऊ देत नाहीत. हत्यारे मात्र घरातच आहेत : नेलकटर, चिमटा, कपड्यांचे चाप, जुना टूथब्रश. बाकी सामानासाठी आमचे पंधराशे रुपयांच्या आत भागले.

गोंद, थिनर आणि रंगाची वाफ नाका-डोळ्यांना त्रासदायक असते. खिडकी उघडी ठेवा, फवारा मारताना मास्क लावा आणि जवळपास दिवा-निरांजन नको. कटर मुलांच्या हाती एकट्याने देऊ नका. ही कीट बहुधा चौदा वर्षांपुढच्यांसाठी असतात, त्याहून लहान मूल असेल तर मोठ्या माणसाने शेजारी बसलेच पाहिजे. आणि घरात हातांना काम नसलेले कुणी वडीलधारे असेल, तर ते मोठे माणूस आधी त्यांनाच करा.

आमची प्लिमथ दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पुरी झाली. त्या गाडीसोबत अण्णांच्या वडिलांचा एकही फोटो नाही. गाडी मालकाची होती, फोटो कोण काढणार? आता ती आमच्या दिवाणखान्यातल्या कपाटात उभी आहे. शेजारची मुले "ताता, ताता" करत अण्णांना बोलवतात आणि गाडी दाखवायला सांगतात. अण्णांना कानडी येत नाही, मुलांना मराठी येत नाही. मधे चिरंजीव दुभाष्याचे काम करतात. मीटरचा झेंडा खाली कसा पाडायचे हे सांगायला मात्र दुभाषा लागत नाही.

परवा जेवताना चिरंजीवांनी विचारले, "आजोबा, आता पुढची कोणती?"

अण्णांनी घास संपवला. "पुढची चार दारांची," ते म्हणाले. "दारं कापायला शिकू आपण."